कार्बन उत्सर्जनाचे आकडे वाचताना या चुका टाळा

दरवर्षी मार्च उजाडला की एम.ए. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प माझ्या टेबलावर येऊन पडतात. अलीकडे त्यांतल्या बऱ्याच प्रकल्पांचा विषय एकाच वळणाचा असतो: परदेशी व्यापार, हरित तंत्रज्ञान, नवीकरणीय ऊर्जा आणि देशाचं कार्बन उत्सर्जन. विषय मोलाचा आहे, मुलं मेहनत घेतात, तक्ते नीटनेटके असतात. तरीही पहिल्या पाच पानांत एखादं वाक्य असं येतं, की त्यावर रचलेलं पुढचं सगळं डळमळतं. यंदाचं वाक्य होतं, "भारतातली निम्मी वीज आता कोळशाशिवाय तयार होते."

दोष ते लिहिणाऱ्या मुलीचा नाही. हेच वाक्य मी बातम्यांत वाचलंय, भाषणांत ऐकलंय. आकडा खराच असतो, पण तो मोजलेला असतो एका जागी आणि आपण त्याचा अर्थ लावतो दुसऱ्याच जागी. पुढच्या बहुतेक चुका याच जातीच्या आहेत. विद्यार्थ्यांनी, पत्रकारांनी आणि युरोपात माल पाठवणाऱ्या छोट्या कारखानदारांनी त्या वेळीच ओळखाव्यात, एवढ्यासाठी हे लिहितेय.

क्षमतेलाच वीज समजणं

जून २०२५ मध्ये देशाची स्थापित वीजक्षमता सुमारे ४८५ गिगावॅट होती आणि तिच्यात जीवाश्म इंधन न लागणाऱ्या स्रोतांचा वाटा ५० टक्क्यांवर पोचला. २०३० साठी दिलेला शब्द पाच वर्षं आधी पाळला गेला, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण विहिरीवर पाच एचपीचा पंप बसवला म्हणून रान भिजत नाही. तो किती तास चालला, त्यावर भिजतं.

हिशोब करून बघू. एक मेगावॅटचा सौर प्रकल्प वर्षाचे ८,७६० तास पूर्ण ताकदीने चालत नाही. रात्र असते, ढग असतात, पॅनेलवर धूळ बसते. आपल्याकडे त्याचा वापर सरासरी २० टक्क्यांच्या आसपास धरतात. म्हणजे वर्षाला साधारण साडेसतरा लाख युनिट. कोळशाचा एक मेगावॅट ७० टक्के चालला, तर ६१ लाख युनिट देतो. दोघांची क्षमता सारखी, वीज मात्र साडेतीन पट कमी-जास्त. म्हणूनच निम्मी क्षमता स्वच्छ असूनही देशातली जवळपास तीन चतुर्थांश वीज कोळशातून येते.

दुरुस्ती सोपी आहे. उत्सर्जनाबद्दल बोलताना मेगावॅट बाजूला ठेवा, युनिट घ्या आणि त्यांना केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या उत्सर्जन गुणांकाने गुणा. देशाच्या ग्रिडसाठी (वीजजाळ्यासाठी) तो एका युनिटमागे सुमारे ०.७ किलो कार्बन डायऑक्साइड आहे. घराच्या गच्चीवर ३ किलोवॅटचं सौर संयंत्र असेल, तर रोज सरासरी १२ युनिट धरा. वर्षाचे चार हजारांवर युनिट आणि सुमारे तीन टन कार्बन डायऑक्साइडची बचत. भारतात दरडोई वार्षिक उत्सर्जन दोन टनांच्या आसपास आहे. म्हणजे एका गच्चीने दीड माणसाचं वर्षाचं उत्सर्जन भरून काढलं. क्षमतेच्या मोठमोठ्या आकड्यांपेक्षा हा छोटा हिशोब मला जास्त धीर देतो.

युनिट मोजले, पण घड्याळ पाहिलं नाही

दुपारी बाराचं युनिट आणि संध्याकाळी साडेसातचं युनिट बिलावर सारखंच दिसतं, पण ग्रिडवर त्यांची किंमत वेगळी असते. सूर्य मावळतो तेव्हाच घरोघरी दिवे, पंखे, मिक्सर आणि एसी एकदम सुरू होतात. ही वीज बहुतेक कोळशाकडून आणि जिथे शक्य आहे तिथे धरणांतून येते. आपल्या कोयनेची १,९६० मेगावॅटची क्षमता अशा वेळी उपयोगी पडते, कारण तिथली यंत्रं काही मिनिटांत सुरू करता येतात. पण कोयनाही हवी तितकी चालवता येत नाही. कृष्णा पाणीवाटप लवादाने पश्चिमेकडे वळवायच्या पाण्यावर वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलेली आहे.

म्हणून "नवीकरणीय वीज अमुक टक्के वाढली, उत्सर्जन तितकं का नाही घटलं?" असा प्रश्न पडला, तर आधी विचारा: ती वीज कोणत्या तासाला आली आणि त्या तासाला मागणी होती का? याचं उत्तम उत्तर महाराष्ट्रातच सापडतं. शेतीच्या फीडरला (वीजवाहिनीला) वर्षानुवर्षं रात्रीची वीज मिळायची. मोटार चालू करायला शेतकरी रात्री दोन वाजता विजेरी घेऊन बांधावर जायचे, सापाची आणि बिबट्याची भीती मनात धरून. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात उपकेंद्राजवळच १६,००० मेगावॅट क्षमतेचे सौर प्रकल्प उभारून शेतीला दिवसा वीज देण्याचं उद्दिष्ट आहे. ऊन असतानाच वीज आली तरी पंपाचं काम भागतं, त्यामुळे साठवणुकीचा प्रश्न बराचसा सुटतो. शिवाय वीज जवळच वापरली गेल्याने तारांमधली गळतीही कमी होते. तेच पॅनेल, पण मागणीच्या तासाला नेमकं जोडलेलं. अहवालात अशा प्रकल्पाचा मेगावॅट आणि दूरच्या वाळवंटातला, दुपारी कधी कधी बंद ठेवावा लागणारा मेगावॅट एकाच रकान्यात टाकू नका.

चुलीतल्या सरपणाला सौरऊर्जा समजणं

ही चूक मी सर्वांत जास्त वेळा दुरुस्त केली आहे आणि दर वेळी विद्यार्थी चकित होतात.

जागतिक बँकेच्या आकडेवारीत "एकूण ऊर्जावापरात नवीकरणीय ऊर्जेचा वाटा" अशी एक मालिका आहे. फुकट मिळते, सगळ्या देशांची आहे, म्हणून जो तो तीच उतरवून घेतो. भारतासाठी ती उघडली तर चित्र उलटं दिसतं. १९९० साली वाटा निम्म्याहून जास्त आणि अलीकडे एक तृतीयांशाच्या आसपास. मग प्रकल्पात लिहिलं जातं, "भारताची नवीकरणीय ऊर्जेत पीछेहाट झाली."

खरा प्रकार असा, की या मालिकेत लाकूडफाटा, गोवऱ्या आणि पाचट मोजलेलं असतं. आजीच्या चुलीतलं सरपण आणि साक्री तालुक्यातला महानिर्मितीचा १२५ मेगावॅटचा सौर प्रकल्प एकाच नावाखाली बसतात. घराघरात गॅस आला, मे २०१६ पासून उज्ज्वला योजनेने तो आणखी पसरला आणि सरपण कमी झालं. आकडा त्यामुळे खाली आला. धुराने डोळे चोळत भाकरी थापणाऱ्या बाईचा त्रास कमी झाला, तो तक्त्यात पीछेहाट म्हणून उमटला. मला हे वाचवत नाही.

उपाय: मालिकेचं नाव वाचून थांबू नका, व्याख्या उघडून वाचा. वीजनिर्मितीबद्दल लिहायचं असेल, तर "वीजनिर्मितीतला नवीकरणीय वाटा" ही वेगळी मालिका घ्या. त्यातही मोठे जलविद्युत प्रकल्प धरलेत की नाहीत, ते तपासा. नाहीतर एखाद्या वर्षी पाऊस कमी पडला, जसा २०२३ मध्ये पडला, आणि धरणांतली वीज घटली, की तुम्ही त्याचा दोष धोरणाला द्याल.

पेटंट मोजले की नवसंशोधन झालं, असं धरणं

हरित तंत्रज्ञान मोजायला पेटंटची संख्या घेतात, कारण ती मोजता येते. हवामानाशी संबंधित तंत्रज्ञानासाठी पेटंट वर्गीकरणात वाय-०२ हा स्वतंत्र गट आहे, त्यामुळे काम सोपं होतं. पण पेटंट मिळणं म्हणजे कल्पना नोंदली जाणं. धूर कमी होतो तो वस्तू स्वस्त होऊन घरोघरी पोचल्यावर. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत सिलिकॉनचा सौरघट १९५४ मध्ये तयार झाला, पण गच्चीवर परवडायला पुढे अर्धं शतक जावं लागलं. म्हणून त्याच वर्षाचे पेटंट आणि त्याच वर्षाचं उत्सर्जन शेजारी ठेवून संबंध शोधू नका. मध्ये बरीच वर्षं सोडा, आणि शक्य असेल तिथे पेटंटऐवजी विक्री किंवा वापर मोजा.

वापर मोजला की काय दिसतं, त्यासाठी एलईडी दिव्याचं उदाहरण घ्या. जानेवारी २०१५ मध्ये उजाला योजना सुरू झाली. सरकारी कंपनीने दिव्यांची एकगठ्ठा खरेदी केली, आणि सुरुवातीला तीनशे रुपयांच्या वर असलेला खरेदीचा दर दोन-अडीच वर्षांत चाळीस रुपयांच्या आत आला. ३६ कोटींहून जास्त दिवे वाटले गेले. यात मोठा शोध खरेदीच्या पद्धतीत होता आणि त्याचं पेटंट कुणाकडेच नाही.

याच्या उलट बाजूलाही एक खड्डा आहे. कार्यक्षमता वाढली म्हणजे वापर तितकाच कमी होईल, असं गृहीत धरतात. १८६५ मध्येच विल्यम स्टॅन्ली जेव्हन्स या अर्थतज्ज्ञाने दाखवलं होतं, की वाफेची यंत्रं कमी कोळशात चालू लागली तेव्हा ब्रिटनमध्ये कोळशाचा खप वाढला. आपल्याकडे एसी अधिक कार्यक्षम झाले आणि त्याच काळात ते मध्यमवर्गाच्या बेडरूममध्येही पोचले. ३० मे २०२४ रोजी देशाची वीजमागणी २५० गिगावॅटवर गेली. उन्हाळ्यात गार झोप मिळण्याचा हक्क सगळ्यांना आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. मात्र बचतीचा अंदाज मांडताना वाढलेल्या वापराची वजावट करायलाच हवी.

लहान दिसणाऱ्या चुका

कार्बन आणि कार्बन डायऑक्साइड यांची गल्लत करू नका. १२ टन कार्बन जळला की ४४ टन कार्बन डायऑक्साइड होतो. काही शास्त्रीय तक्ते कार्बनमध्ये असतात, काही कार्बन डायऑक्साइडमध्ये. तुमचा आकडा दुसऱ्याच्या आकड्यापेक्षा ३.६७ पट निघाला, तर शोधाशोध न करता एकक बघा.

तीव्रता आणि एकूण उत्सर्जन यांत फरक आहे. २००५ ते २०२० या काळात भारताची उत्सर्जन तीव्रता, म्हणजे सकल देशांतर्गत उत्पादनाच्या (जीडीपीच्या) प्रत्येक रुपयामागचं उत्सर्जन, ३६ टक्क्यांनी घटली. एकूण उत्सर्जन त्याच काळात वाढलं. दोन्ही विधानं खरी आहेत, आणि फक्त एक लिहिणं म्हणजे अर्धं सांगणं.

जंगलं धरली की वगळली, तेही लिहा. डिसेंबर २०२४ मध्ये भारताने संयुक्त राष्ट्रांना दिलेल्या अहवालानुसार २०२० चं हरितगृह वायूंचं उत्सर्जन २,९५९ दशलक्ष टन होतं. जंगलं आणि जमीन यांनी शोषलेला वाटा वजा केला तर २,४३७. शिवाय २०२० हे टाळेबंदीचं वर्ष, आदल्या वर्षापेक्षा उत्सर्जन जवळपास ८ टक्के कमी. ते पायाभूत वर्ष धरलंत, तर पुढची वाढ भयानक दिसेल. ते शेवटचं वर्ष धरलंत, तर घट विलक्षण दिसेल.

समीकरणात तीच गोष्ट दोनदा घालणं

हे संख्याशास्त्र वापरणाऱ्यांसाठी. देशाचं कार्बन उत्सर्जन कुणी मीटर लावून मोजत नाही. किती कोळसा, किती डिझेल, किती वायू जळला ते घेतात आणि प्रत्येकाला त्याच्या गुणांकाने गुणतात. मग उत्सर्जनाचं स्पष्टीकरण देणाऱ्या समीकरणात एकूण ऊर्जावापर घातला, तर तुम्ही गुणाकाराचं उत्तर गुणाकारानेच सिद्ध करताय. संबंध जोरदार निघणारच. तो शोध नाही. अशा वेळी ऊर्जावापर काढून टाका आणि बघा, व्यापाराचा किंवा तंत्रज्ञानाचा परिणाम अजून टिकतो का. शिवाय वीस-तीस वर्षांत जवळपास सगळंच वाढलेलं असतं. दोन वाढत्या रेषा एकमेकींशी जुळतात, एवढ्यावर कार्यकारणभाव ठरत नाही. रेषांच्या पातळीऐवजी वर्षागणिक बदल घेऊन पुन्हा तपासा.

व्यापाराला सरसकट चांगलं किंवा वाईट ठरवणं

निर्यात अधिक आयात, भागिले सकल देशांतर्गत उत्पादन. हा एकच आकडा घेऊन व्यापाराने उत्सर्जन वाढलं की घटलं, याचा निकाल लावला जातो. जीन ग्रॉसमन आणि ॲलन क्रूगर या अर्थतज्ज्ञांनी १९९१ मध्ये, उत्तर अमेरिकेतल्या व्यापार कराराची चर्चा चालू असताना, यातले तीन वेगळे धागे सुटे करून दाखवले. व्यापाराने एकूण उत्पादन वाढतं, त्यामुळे धूर वाढतो. कोणता देश काय बनवतो ते बदलतं, त्यामुळे धूर एकीकडून दुसरीकडे जातो. आणि चांगली यंत्रं, स्वच्छ तंत्र देशात येतं, त्यामुळे धूर कमी होतो. तिन्ही एकाच वेळी चालू असतात. एकाच आकड्यात ते एकमेकांना खाऊन टाकतात आणि हाती काहीच लागत नाही.

सौर पॅनेल घ्या. ती इतकी स्वस्त झाली, यात चीनमधल्या प्रचंड उत्पादनाचा मोठा हात आहे. पॅनेल बनवण्याच्या टप्प्यांतला ८० टक्क्यांहून जास्त वाटा तिथे आहे. कारखाने बरेचसे कोळशाच्या विजेवर चालतात, आणि ते उत्सर्जन चीनच्या खात्यात पडतं, बचत मात्र आपल्या. तरीही पॅनेल आपल्या बनावटीचा धूर एक-दोन वर्षांत फेडतं आणि पुढे वीस-पंचवीस वर्षं काम करतं. १ एप्रिल २०२२ पासून भारताने आयात पॅनेलवर ४० टक्के सीमाशुल्क लावलं. देशी कारखाने उभे राहावेत हा हेतू मला पटतो, पण त्याने पॅनेल महाग झाली, हेही त्याच वाक्यात लिहायला हवं.

देशाच्या नोंदवहीत धूर जिथे निघाला तिथे लिहिला जातो, वस्तू जिथे वापरली तिथे नाही. ब्रिटनचं उत्सर्जन १९९० च्या तुलनेत निम्म्याहून जास्त घटलं आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी त्यांचं शेवटचं कोळसा वीजकेंद्र बंद झालं. ही घट खरी आहे. पण ब्रिटिश लोक जे वापरतात त्यामागचं, परदेशात झालेलं उत्सर्जन धरलं, तर घट बरीच लहान होते. भारताचं उलट आहे. आपण इतरांसाठी माल बनवताना काढलेला धूर, इतरांनी आपल्यासाठी काढलेल्या धुरापेक्षा थोडा जास्त आहे. आणि न्हावा-शेवाहून परदेशी निघालेल्या जहाजात किंवा मुंबईहून उडालेल्या आंतरराष्ट्रीय विमानात भरलेलं इंधन कोणत्याच देशाच्या एकूण आकड्यात येत नाही. त्याची नोंद वेगळी ठेवतात.

युरोपचा कार्बन कर आणि गच्चीवरचे पॅनेल

माझा एक जुना विद्यार्थी पुण्याजवळ नट-बोल्ट बनवतो. मागच्या वर्षी त्याचा फोन आला. जर्मन ग्राहकाने उत्सर्जनाचा तक्ता मागितला होता. "मॅडम, मी तर अख्ख्या शेडवर सोलर टाकलाय. आकडा चांगलाच येईल ना?"

मी त्याला भेटायला बोलावलं आणि आम्ही नियम घेऊन बसलो. युरोपीय संघाची सीमेवरची कार्बन व्यवस्था, म्हणजे आयात मालामागच्या उत्सर्जनावर पैसे आकारण्याची पद्धत, १ ऑक्टोबर २०२३ पासून माहिती देण्यापुरती सुरू झाली आणि १ जानेवारी २०२६ पासून पैशांची झाली. लोखंड-पोलाद, ॲल्युमिनियम, सिमेंट, खतं, हायड्रोजन आणि वीज तिच्यात येतात. स्क्रू, नट, बोल्टही. पैसे आयातदार भरतो, पण तो भाव पाडून ते आपल्याकडूनच वसूल करणार, हे उघड आहे.

गोम इथे होती. सिमेंट आणि खतांसाठी विजेचं उत्सर्जनही धरतात. पोलादासाठी सध्या कराच्या हिशोबात फक्त थेट उत्सर्जन, म्हणजे माल बनवताना कारखान्यातच निघालेलं, येतं. म्हणजे शेडवरच्या सोलरने त्याचं वीजबिल कमी झालं, देशाचा धूरही कमी झाला, पण या तक्त्यातला त्याचा आकडा तसूभरही हलला नाही. हीट ट्रीटमेंटच्या भट्टीतला गॅस धरला तरी तो एकूणात थोडाच. सगळा भार होता त्याने विकत घेतलेल्या वायर रॉडवर, म्हणजे नट-बोल्टसाठी लागणाऱ्या पोलादाच्या जाड तारेवर. भारतात एक टन पोलादामागे सरासरी अडीच टन कार्बन डायऑक्साइड निघतो, कारण आपलं बरंच लोखंड कोळशावर तयार होतं. भंगार वितळवून विजेच्या भट्टीत केलेल्या पोलादाचं थेट उत्सर्जन त्याच्या तुलनेत फारच कमी. डिसेंबर २०२४ मध्ये पोलाद मंत्रालयाने हरित पोलादाची सीमा टनाला २.२ टन ठरवली आणि त्याखालच्या पोलादाला स्टार रेटिंग दिलं, ते याच फरकावर.

मग त्याला काय करायचं होतं? पोलादाच्या मिलकडून येणारं टेस्ट सर्टिफिकेट तो आजवर ताकद आणि रासायनिक घटक बघून फाइलला लावायचा. आता प्रत्येक हीट नंबरमागे (भट्टीतून निघालेल्या एकेका खेपेच्या क्रमांकामागे) मिलचा उत्सर्जनाचा आकडा आणि त्याची पडताळणी मागायची होती. खरा आकडा दिला नाही, तर युरोपचा ठरावीक आकडा लागतो आणि तो सहसा चढा असतो. दोन मिलना त्याने पत्रं पाठवली. एकीने उत्तरच दिलं नाही. दुसरीने तीन आठवड्यांनी तक्ता पाठवला, त्यात एका ठिकाणी कार्बन आणि कार्बन डायऑक्साइडची अदलाबदल झाली होती. ती त्याने स्वतः पकडली, ३.६७ ने गुणून बघितलं आणि मिलला परत पाठवली. आता वायर रॉडची ऑर्डर देताना दर आणि मुदतीच्या शेजारी तो उत्सर्जनाचा रकानाही भरून मागतो.